शारीरिक इजेची नुकसानभरपाई : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात काही शब्द व त्यांचा इतिहास

'भरपाई' हा शब्द मराठीत देण्याघेण्याच्या व्यवहारातून आलेला आहे. भरणे आणि पावणे या दोन क्रियांच्या मिलाफातून तो सिद्ध झाला असून येणे असलेली रक्कम पूर्ण पोचल्याची कबुली, म्हणजेच ऋणको मोकळा झाल्याची पावती, हा त्याचा जुना अर्थ होय. त्याच्या आधी जोडला जाणारा 'नुकसान' हा शब्द अरबी. तो फारसीच्या वाटेने दफ्तरात आला. पीक बुडाले, जनावर दगावले, माल भिजला, की नुकसान झाले असे लिहावयाचे. या दोहोंपासून झालेला 'नुकसानभरपाई' हा सामासिक शब्द प्रथमतः मालमत्तेचा शब्द आहे. माणसाच्या हातापायांना तो मागाहून लावला गेला. मालमत्तेच्या व्यवहारात कोणाचे कोणाकडे काय येणे आहे हे आधी वहीत लिहिलेले असते. हात तुटलेल्या माणसाचे येणे कोणत्या वहीत लिहिलेले असते, हा प्रश्न या शब्दातच दडलेला आहे, आणि जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांचा इतिहास पाहताना तो टाळता येत नाही.

धर्मशास्त्रात या प्रश्नाला एक नेमके, पण मर्यादित उत्तर होते. मनु, याज्ञवल्क्य आणि कौटिल्य या तिघांनीही दुसऱ्यास इजा करणाऱ्याने 'समुत्थानव्यय' द्यावा असे म्हटले आहे. समुत्थान म्हणजे पुन्हा उठून उभे राहणे. जखमी मनुष्य पूर्ववत् हिंडूफिरू लागेपर्यंत औषधपाण्यास व पथ्यास जो खर्च येईल तो समुत्थानव्यय. दंड राजाकडे जावयाचा, हा व्यय मात्र जखमी माणसाकडे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर गाडीच्या अपघाताचे एक लहानसे प्रकरणच आहे. गाडी हाकणाऱ्यास तेथे 'प्राजक' म्हटले असून तो अकुशल असेल तर दंड गाडीच्या स्वाम्यावर आणि कुशल असूनही चुकला असेल तर स्वतः प्राजकावर, असा भेद केलेला आहे. नालायक चालक नेमल्याचे उत्तरदायित्व मालकाचे, हे तत्त्व आधुनिक न्यायालयांपुढे येण्याच्या कितीतरी आधी येथे स्पष्टपणे मांडलेले दिसते. तथापि या शास्त्राचा गौरव करताना त्याच अध्यायातील दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नाही. खालच्या वर्णाच्या मनुष्याने ज्या अवयवाने वरच्या वर्णास मारले तो अवयवच तोडावा, असेही तेथे सांगितले आहे. अवयवाची किंमत तो कोणाचा आहे यावर ठरत होती.

मराठेशाहीतील न्यायपद्धतीचा अभ्यास वि. त्रिं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात केला आहे. त्या काळच्या निवाड्यांत जिंकणाऱ्याकडून 'हरकी' व हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी' घेतली जाई. दोन्ही रकमा सरकारात जमा होत. खुनासारख्या प्रकरणात मृताच्या घराण्यास जमीन किंवा वतनाचा अंश देऊन वैर मिटविल्याचे दाखले आढळतात. परंतु वतन असणाऱ्यानेच वतन द्यावयाचे व वतनदारानेच ते घ्यावयाचे. ज्याचे घराणे कोणत्याही महजरात साक्षीला उभे राहिले नाही त्याचा या व्यवस्थेशी संबंध बेताचाच असणार.

जव्हार हे मुकणे घराण्याचे कोळी संस्थान. चौदाव्या शतकात स्थापन झालेले हे संस्थान पेशवाईत आणि नंतर इंग्रजी अमदानीत आक्रसत गेले, तरी टिकले. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याला लागून असलेला मोखाडा हा मात्र ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पेटा होता व तेथे इंग्रजी कायदा चाले. डोंगर तोच, वारली, ठाकूर, कोकणा, कातकरी आणि महादेव व मल्हार कोळी ही वस्तीही तीच. पण मध्ये एक राजकीय सीमा होती. कायद्याच्या इतिहासात ही सीमा दुर्लक्षणीय नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानात शारीरिक हानीविषयीचा पहिला महत्त्वाचा कायदा १८५५ चा. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने मनुष्य मेला तर त्याच्या पत्नीस, पतीस, आईबापांस व मुलांस दावा करता येईल, असे या कायद्याने ठरविले. इंग्लंडातील १८४६ च्या कायद्याचीच ती प्रतिकृती होती. याच सुमारास मोखाड्याच्या दक्षिणेस थळघाटात लोहमार्गाचे काम चालले होते. तो मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. घाटातील सुरुंग, दरडी आणि पटकी यांना बळी पडलेल्या मजुरांना त्या कायद्याचा उपयोग किती झाला असेल याची कल्पना करणे कठीण नाही. निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार वारसांवर होता. शिवाय एका मजुराच्या चुकीने दुसरा मेला तर मालक जबाबदार नाही, हे १८३७ पासूनचे इंग्रजी तत्त्व मालकाच्या पाठीशी होतेच. हिंदुस्थानात त्या बचावाला कायद्याने आळा घातला तो १९३८ मध्ये.

खरा बदल झाला तो १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. १ जुलै १९२४ पासून अमलात आलेल्या या कायद्याने मालकाचा दोष सिद्ध करण्याची अट काढून टाकली. इजा कामामुळे व काम चालू असताना झाली एवढे पुरे. मृत्यू आल्यास तीस महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी ती. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास बेचाळीस महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये, यांपैकी कमी ती. अंशतः अपंगत्वासाठी एक परिशिष्ट जोडले होते. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर कमाईची शक्ती शेकडा ७० नष्ट झाली असे मानावयाचे, डावा गेला तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, इतर कोणतेही एक बोट ५. भाषेच्या अभ्यासकाने हे परिशिष्ट शब्दकोशासारखे वाचावे. शरीराच्या प्रत्येक अवयवापुढे येथे त्याचा 'अर्थ' दिलेला आहे, आणि तो अर्थ वर्णावर अवलंबून नाही. राजाचे व रंकाचे बोट सारखेच पाच टक्के. मनुस्मृतीपासून या परिशिष्टापर्यंतचे अंतर या एका गोष्टीत मोजता येते.

परंतु त्याच कायद्याची दुसरी बाजू अशी की, टक्केवारी काढावयाची ती वेतनाची, आणि वेतन असावयाचे ते कायद्याच्या यादीतील कामाचे. आरंभीच्या यादीत कारखाने, खाणी, रेल्वे, गोदी अशी कामे होती. ताडीमाडीची झाडे छेदणे, वृक्षतोड, लाकूड जलमार्गाने वाहणे, वणवा विझविणे ही रानातील कामे पुढील दुरुस्त्यांनी यादीत आली. शेती आली ती ट्रॅक्टरादी यंत्रांनी चालणारी. नांगर, विळा आणि कोयता यांनी शेत करणारा मजूर यादीबाहेरच राहिला. त्यातही ज्याचे काम नैमित्तिक स्वरूपाचे आणि मालकाच्या धंद्याबाहेरचे असेल तो 'कामगार' नव्हेच, असे व्याख्येत म्हटले होते. हा अपवाद २००० सालच्या दुरुस्तीपर्यंत कायम होता. ब्रिटिश हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा मोखाडा पेट्यात लागू होता. संस्थानी जव्हारात तो आपोआप लागू होण्याचे कारण नव्हते. एकाच रानात, सीमेच्या दोन बाजूंना पडलेल्या एकाच जातीच्या झाडाखाली सापडलेल्या दोन मजुरांची कायदेशीर स्थिती १९४८ पर्यंत वेगळी असू शकत होती.

मात्र या सीमेपेक्षा अधिक खोल अशी दुसरी एक सीमा या प्रदेशात होती, आणि ती शब्दांची होती. कायदा 'कामगार', 'मालक', 'वेतन' या तीन शब्दांवर उभा होता. ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्टीतील प्रत्यक्ष व्यवहार वेगळ्या शब्दांत चाले : गडी, लग्नगडी, वेठ, बिगार, खावटी. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढून ते फिटेपर्यंत, आणि पुष्कळदा ते कधीच न फिटता, त्याच्याकडे राबणारा तो लग्नगडी. पावसाळ्यात पोट भरण्यास उसने घ्यावयाचे धान्य ते खावटी. या संबंधात पैसा सदैव सावकाराकडून गड्याकडे गेलेला असतो. म्हणजे वहीत गडी हा देणेकरी आणि मालक हा येणेकरी. अशा गड्याचा पाय मोडला तर वहीच्या भाषेत नुकसान कोणाचे झाले? सावकाराचे, त्याची वसुली थांबली. इजा एकाची आणि नुकसान दुसऱ्याचे, हा अर्थविपर्यास भाषेने केलेला नाही. व्यवहाराने तो केला व भाषेने तो जपला.

१९३६ च्या आदेशाने मोखाडा पेटा अंशतः वगळलेल्या क्षेत्रांत गणला गेला. त्यानंतर सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारसाठी केलेल्या पाहणीत ठाणे जिल्ह्यातील वेठीची व मारहाणीची स्थिती नोंदविली. १९४५ मध्ये झरी येथील सभेपासून गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा जो लढा उभा राहिला त्याचे केंद्र डहाणू-उंबरगाव-तलासरीकडे असले, तरी त्याचे पडसाद सर्व डोंगरपट्टीत उमटले. वेठ व लग्नगडीपद्धती बंद करणे आणि रोजाला बारा आणे मजुरी या त्यातील मागण्या सर्वांस ठाऊक आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मजुरीच्या दराची मागणी फार महत्त्वाची ठरते. दिवसाच्या श्रमाला माणसापासून व त्याच्या कर्जापासून वेगळा असा आकडा त्या मागणीने लावला. आणि आकड्यावाचून टक्केवारी नाही, टक्केवारीवाचून भरपाई नाही. १९४७ पासून बाळासाहेब खेर यांच्या प्रेरणेने जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या, त्यांनीही हेच कार्य दुसऱ्या वाटेने केले : तोडणी करणाऱ्याचे नाव कंत्राटदाराच्या तोंडी हिशेबातून सभासदांच्या नोंदवहीत आले.

रोजगार हमीच्या कामांनी या नोंदीची व्याप्ती वाढविली. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत कामावर इजा झाल्यास मोफत उपचार, रुग्णालयात राहावे लागल्यास किमान निम्म्या मजुरीइतका दैनिक भत्ता आणि मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास २५,००० रुपये अथवा केंद्र सरकार ठरवील ती रक्कम, अशी तरतूद झाली. बांधबंदिस्ती, रस्ते आणि तळी यांच्या कामावर जाणाऱ्या जव्हार-मोखाड्यातील कुटुंबांना ती उपयोगाची होती यात शंका नाही. मात्र ही शेवटची रक्कम 'सानुग्रह' म्हटली गेली. अनुग्रह म्हणजे कृपा. भरपाई मागावयाची असते, तर अनुग्रह स्वीकारावयाचा असतो. भरपाईचा निवाडा होतो आणि त्याविरुद्ध अपील करता येते. अनुग्रहाला मंजुरी लागते. एकाच जखमेसाठी कायद्याने कोणता शब्द निवडला यावरून जखमी मनुष्य दावेदार म्हणून उभा आहे की अर्जदार म्हणून, हे कळते.

पावसाळी पीक निघाल्यावर या दोन तालुक्यांतील पुष्कळ घरे वसई, भिवंडी, ठाणे या बाजूंना वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. तेथील व्यवहाराचा कणा म्हणजे 'मुकादम'. हा अरबी शब्द 'पुढे ठेवलेला' अशा अर्थाचा. मराठेशाहीच्या कागदांत तो गावच्या पाटलाला लावलेला आढळतो, आज तो मजुरांची टोळी नेणाऱ्याला लावतात. हंगामाच्या आरंभी मुकादम 'उचल' देतो आणि हंगामाच्या अखेरीस हिशेब करतो. विटा हजारावर मोजतात व मजुरी कुटुंबाच्या नावे पडते. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. तोच हिशेब येथेही निराळ्या नावाने चालतो. बाईचा हात गाऱ्याच्या यंत्रात सापडला तर तिचे स्वतंत्र मासिक वेतन किती, या प्रश्नाला मुकादमाच्या वहीत उत्तर नसते, कारण वहीत ती नसते. कंत्राटदारामार्फत लावलेल्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, हे तत्त्व १९२३ च्या कायद्याच्या बाराव्या कलमात पहिल्यापासून आहे. परंतु मजुराला अनेकदा मुकादमाचेच नाव ठाऊक असते.

अशा प्रसंगी बहुधा 'मिटविले' जाते. मुकादम किंवा भट्टीवाला दवाखान्याचा खर्च देतो, गावी पोचविण्याची सोय करतो आणि प्रकरण संपते. हा खर्च म्हणजे दुसरे तिसरे काही नसून स्मृतींमधील समुत्थानव्ययच होय. त्यापलीकडे, म्हणजे गमावलेल्या कमाईकडे, ही तडजोड जात नाही. गंमत अशी की, १९२३ च्या कायद्याची उणीव नेमकी याच्या उलट होती. त्याने गमावलेल्या कमाईचा हिशेब केला, पण औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यावा अशी तरतूद त्यात झाली ती २००९ च्या दुरुस्तीने. शास्त्राने खर्च दिला पण कमाई विसरले. कायद्याने कमाई दिली पण शहाऐंशी वर्षे खर्च विसरला. मिटविण्याच्या रीतीवर मात्र कायद्याची नजर आरंभापासून होती. मृत्यूच्या प्रकरणी रक्कम आयुक्ताकडेच जमा करावी, परस्पर वारसांना दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरू नये, आणि हक्क सोडून देणारा करार रद्दबातल समजावा, असे त्याने सांगितले होते. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

न्यायालयांनी या शब्दांचे अर्थ वेळोवेळी ताणून रुंद केले, हेही सांगितले पाहिजे. काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघालेला एक बसचालक अपघातात मरण पावला, तेव्हा तोही 'काम चालू असतानाच' मेला असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये बहुमताने ठरविले. मुंबईसारख्या विस्तीर्ण शहरात ती बस हा त्याच्या कामाचाच भाग होता. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका निर्णयात डावा हात कोपरापासून गेलेल्या सुताराची कमाईची शक्ती परिशिष्टातील टक्क्यांनी न मोजता पूर्ण नष्ट झाल्याचे मानले गेले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. हा न्याय डोंगरउतारावर नागली-वरई करणाऱ्याला लावून पाहण्यासारखा आहे. राब भाजणे, आवणी करणे, मोळी बांधणे यांपैकी एका हाताने होण्याजोगे काम कोणते? पण येथे अडचण दुसरीच येते. स्वतःच्या वरकस जमिनीत घरापुरती नागली पिकविणे याला उत्पन्न म्हणावयाचे की नाही? जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीसंबंधीच्या निवाड्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या घरकामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली, आणि पगार नसलेल्या श्रमालाही आकडा लावता येतो हे मान्य केले. पोटापुरत्या शेतीचा विचार त्याच दिशेने व्हावयास हवा, असे म्हणणे वावगे ठरू नये.

सर्वांत निसरडी जागा मात्र रस्ता ही आहे. जव्हारहून विक्रमगडकडे किंवा मोखाड्याहून त्र्यंबककडे जाणाऱ्या घाटांत मालाच्या टेम्पोतून माणसांची वाहतूक होते हे कोणासही दिसते. मोटार वाहन कायद्यातील दावे निकालात काढण्यासाठी न्यायाधिकरणे १९५६ च्या दुरुस्तीने आली. निष्काळजीपणा सिद्ध करणे आवश्यक आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटल्यावर १९८२ मध्ये दोषनिरपेक्ष भरपाईची तरतूद करण्यात आली. १९९४ च्या दुरुस्तीने दावेदाराला आपण राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुभा मिळाली. परगावी जखमी होऊन डोंगरात परतणाऱ्यास ती फार मोलाची आहे. पण त्याच वर्षाच्या दुरुस्तीने मालवाहू गाडीतील 'मालाचा मालक' किंवा त्याचा प्रतिनिधी विम्याच्या कक्षेत आला. गाडीमालकाने कामाला लावलेला हमाल कर्मचारी या नात्याने आधीच कक्षेत होता. राहिला तो फुकट बसलेला प्रवासी. त्याची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस ठरविले. क्वचित कंपनीने आधी द्यावे व मग मालकाकडून वसूल करावे असे आदेश झाले आहेत, पण तो कृपेचा भाग झाला. गाडीमालकावर दावा उरतोच. मात्र एका जुन्या टेम्पोच्या धन्याकडून निवाड्याची रक्कम वसूल होणे ही वेगळी गोष्ट.

तेव्हा टेम्पो उलटला की त्यातील मनुष्य मालाचा मालक, गाडीचा हमाल की फुकटा प्रवासी, यावर पुढचे सर्व अवलंबून असते. गवताचा भारा बाजारात विकायला नेणारा मनुष्य मालाचा मालक होय. तेच गवत दुसऱ्याचे असून तो ते चढविण्या-उतरविण्यासाठी गाडीमालकाने बसविलेला असेल तर हमाल. आणि भाऱ्यावर बसून नातेवाइकाकडे निघाला असेल तर प्रवासी. प्रत्यक्षात एकच मनुष्य एकाच फेरीत या तिन्हींपैकी दोन असू शकतो. त्यातून त्याचा जबाब मराठीत घेतला जातो, आणि मराठीत 'मालक' हा शब्द गाडीच्या धन्याला, कामावर लावणाऱ्याला, मालाच्या धन्याला आणि खेड्यात बायकोच्या तोंडी नवऱ्यालाही लागतो. 'मालकाबरोबर टेम्पोत होते' एवढेच वाक्य जखमी बाईने सांगितले तर तिला कोण अभिप्रेत आहे? शासनाच्या मराठीने कामावर ठेवणाऱ्यासाठी 'नियोक्ता' हा शब्द योजला आहे. तो या वापरात नेमका असला तरी जबाब देणाऱ्याच्या तोंडी तो नसतो. जबाब लिहिणाऱ्याने त्या जागी कोणता मालक होता हे विचारून लिहिले, गवत कोणाचे, भाडे कोणी दिले, मजुरी कोणाकडून ठरली हे नोंदविले, तर वर्षाने न्यायाधिकरणापुढे तो कागद बोलतो. पंचनाम्याच्या वेळी जखमी मनुष्य रुग्णालयात असतो, आणि त्याच्याविषयीचे ते नाव बहुधा टेम्पोच्या चालकास विचारूनच लिहिले जाते.